फ्लोरिडा स्टेट १३-१ वरून थेट २-१०, नक्की बिघडलं कुठे?

टॅलीवाला (१ डिसेंबर २०२४)

काल गेटर्सनी, म्हणजे फ्लोरिडा युनिव्हर्सिटीच्या टीमने, आपल्याच घरात ३१-११ हरवलं आणि कॉलेज फुटबॉलचा (अमेरिकन फुटबॉल) सीझन संपला एकदाचा, २ विजय आणि १० पराभव. मी फ्लोरिडा स्टेटला मास्टर्स केलंय, आता जॅक्सनविलला नोकरी करतो, ऑफिसात निम्मे लोक गेटर्सवाले, त्यांचं काय ते चालतंच दरवर्षी. पण मला खरंच समजून घ्यायचंय की हे झालं कसं.

गेल्या वर्षी याच टीमने ओळीने १३ मॅच जिंकल्या होत्या. एलएसयूला ऑर्लँडोत ४५-२४, क्लेमसनला त्यांच्या मैदानावर ओव्हरटाइममध्ये ३१-२४, मग लुइव्हिलला १६-६ हरवून एसीसी (आपली कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेजांचा गट) चॅम्पियन, आणि तरी टीम निवडणाऱ्या कमिटीने देशाचा चॅम्पियन ठरवणाऱ्या चार टीमच्या प्लेऑफमध्ये घेतलं नाही कारण आपला क्वार्टरबॅक (बॉल टाकणारा मुख्य प्लेअर) जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला होता. पॉवर फाइव्हमधली (पाच मोठ्या कॉन्फरन्समधली) एकही मॅच न हरलेली चॅम्पियन टीम बाहेर ठेवायची ही पहिलीच वेळ होती, ते अजून डोक्यातून जात नाही. नंतर ऑरेंज बाऊलला (बाऊल म्हणजे सीझननंतरची मानाची मॅच) बरेचसे मेन प्लेअर उतरलेच नाहीत आणि जॉर्जियाने ६३-३ धुतलं, पण तेव्हा आम्ही सगळे हेच म्हणत होतो की थांबा, पुढच्या वर्षी दाखवतो.

पुढच्या वर्षी प्रीसीझनला दहावा नंबर मिळाला, एसीसी कोण जिंकणार यात मीडियाने आपलंच नाव दिलं, प्लेऑफ चारऐवजी बारा टीमचा झाला म्हणजे आता तर नक्कीच जाणार असं वाटत होतं. आणि मग डब्लिनला जॉर्जिया टेककडून २४-२१, घरी बॉस्टन कॉलेजकडून २८-१३, घरीच मेम्फिसकडून २०-१२, म्हणजे सप्टेंबर अर्धा व्हायच्या आत ०-३. नोव्हेंबरमध्ये नोत्र दामने ५२-३ केलं तेव्हा मी दुसऱ्या क्वार्टरलाच टीव्ही बंद केला.

कोच चुकला, क्वार्टरबॅक चुकीचा घेतला, की पोरांच्या मनात गेल्या डिसेंबरचं राहूनच गेलं? ज्यांना यातलं खोलात कळतं त्यांनी सांगा प्लीज. नुसतं कोच नॉर्व्हेलला हाकला एवढंच नको, ते बाकी सगळीकडे वाचून झालंय.

---

पिवळंजाकीट

मी जॉर्जिया टेकचा, अटलांटात राहतो, त्यामुळे डब्लिनची मॅच मी अगदी डोळ्यात तेल घालून बघितली. आम्ही दहाएक पॉइंटने हरणार असा सगळ्यांचा अंदाज होता. तुमच्या फिट्झगेराल्डने ५९ यार्डवरून फील्ड गोल (तीन पॉइंटची किक) मारला तेव्हा मला वाटलं झालं, आता हे सुटणार. पण मधल्या वेळात एक गोष्ट दिसत होती ती कॉमेंट्रीवाले फारसं बोलत नव्हते. आमचे लाइनमन (पुढच्या रांगेत समोरासमोर भिडणारे) तुमच्या लाइनला मागे ढकलत होते, परत परत, साध्या रन प्लेवर, काही चलाखी नाही, बॉल हातात घ्यायचा आणि मधून घुसायचं. गेल्या वर्षी तुमच्या त्याच जागी जॅरेड व्हर्स आणि ब्रेडन फिस्क होते, तेव्हा असं कोणाची हिंमत नव्हती. शेवटी स्कोअर बरोबरीत असताना आम्ही आरामात घड्याळ खात पुढे सरकलो आणि वेळ संपता संपता आमच्या बिरने ४४ यार्डचा फील्ड गोल मारला. तुमच्या ऑफेन्सला बॉल परत मिळालाच नाही.

आमचा जल्लोष झाला ते वेगळं, पण खरं सांगतो, त्या दिवशी मी मित्राला म्हटलं की यांचं नाव दहाव्या नंबरचं आहे, टीम नाहीये. आठ-नऊ दिवसांनी बॉस्टन कॉलेजनेही तुम्हाला तसंच धावून धावून मारलं म्हणजे आमचा दिवस चांगला होता म्हणून जिंकलो असं नव्हतं ते.

---

जुना_नोल

टॅलीवाला, तू विचारलंयस म्हणून जरा लांब लिहितो. मी टँपात आहे, जुने कोच बॉबी बाऊडेनच्या काळापासून बघतोय, ९३ आणि ९९ ची दोन्ही चॅम्पियनशिप या डोळ्यांनी बघितल्यात आणि २०१३ ची पण.

लोक डीजे उइअंगालेलेईवर घसरतात. बरोबर आहे, क्लेमसन, मग ओरेगॉन स्टेट, मग आपण, तिसरं कॉलेज होतं त्याचं, आणि ट्रॅव्हिसची जागा भरणं त्याला जमलं नाही. पण एसएमयूच्या मॅचमध्ये बॉल टाकायच्या हातालाच लागल्यावर तो बाहेरच बसला, नंतर ब्रॉक ग्लेन, नंतर पहिल्याच वर्षाचा ल्यूक क्रोमेनहोक, तरी फरक काही पडला नाही. स्कोअर ओळीने बघ, २१, १३, १२, १४, १६, १३, १६, १४, ११, ३. मग चार्ल्सटन सदर्नसारख्या खालच्या डिव्हिजनच्या टीमसमोर ४१, आणि परत ११. अख्ख्या सीझनमध्ये २१ च्या वर एकदाच गेलो आणि तेही कोणासमोर. तीन क्वार्टरबॅक बदलून जर तेच होत असेल तर दुखणं क्वार्टरबॅकच्या पुढे उभे असलेल्या पाच जणांमध्ये आहे, आणि त्यांच्या मागे बेंचवर कोण बसलंय त्याच्यात आहे.

आता मूळ मुद्दा. २०२४ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (प्रो टीम कॉलेजचे प्लेअर निवडतात तिथे) आपले १० जण गेले, केवढा अभिमान वाटला होता सगळ्यांना. त्या दहा जणांची यादी काढ आणि बघ कोण कुठून आलं होतं. व्हर्स ऑल्बनीहून, फिस्क वेस्टर्न मिशिगनहून, कीऑन कोलमन मिशिगन स्टेटहून, ट्रे बेन्सन ओरेगॉनहून, जॉनी विल्सन ॲरिझोना स्टेटहून, जहीम बेल साउथ कॅरोलायनाहून, जॅरियन जोन्स मिसिसिपी स्टेटहून, टेटम बेथ्यून यूसीएफहून, आणि आपला लाडका ट्रॅव्हिससुद्धा मुळात लुइव्हिलहून. हायस्कूलमधून थेट आपल्याकडे आलेला एकटा रेनार्डो ग्रीन. म्हणजे ती १३-० ची टीम दुसऱ्यांनी वाढवलेली पोरं निवडून आणून उभी केलेली होती. निवड अफलातून होती, त्याचं श्रेय नॉर्व्हेलला द्यायलाच पाहिजे, पण ती पोरं एकदम निघून गेली तेव्हा खाली काहीच नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

मग परत पोर्टलमधूनच भरणा केला. मार्विन जोन्स ज्युनियर जॉर्जियाहून, मलिक बेन्सन, रॉयडेल विल्यम्स, अर्ल लिटल ज्युनियर हे अलाबामाहून, नावं मोठी, हायस्कूलला असतानाचे स्टार मोठे. पण व्हर्स जेव्हा ऑल्बनीसारख्या छोट्या कॉलेजातून आला तेव्हा त्याला सगळ्यांना दाखवून द्यायचं होतं, तो आल्यावरही घासत होता. मोठ्या कॉलेजात जागा मिळाली नाही म्हणून निघालेला पोरगा आणि छोट्या कॉलेजात सगळ्यांना पुरून उरलेला पोरगा यात फरक असतो, आणि मला वाटतं आपण नाव बघून घेतलं. सगळेच वाईट निघाले असं मी म्हणत नाही, पण लॉकर रूममध्ये चार वर्षं घाम गाळलेले, नव्यांना दटावू शकतील असे जुने लोक लागतात, ते राहिलेच नव्हते.

बाऊडेन ७६ ला आले त्याच्या दोन वर्षं आधी आपण १-१० केलं होतं आणि त्याच्याही आधीच्या वर्षी ०-११. यंदाचं २-१० हे त्यानंतरचं सगळ्यात वाईट. तिथून बाऊडेननी टीम उभी केली ती फ्लोरिडाच्या हायस्कूलांमध्ये जाऊन, एकेका घरात बसून, आणि मग १९८७ पासून २००० पर्यंत सलग १४ वर्षं देशात पहिल्या पाचात. आत्ताच्या नियमात तसंच्या तसं जमणार नाही मान्य, पण मायामी, टँपा, जॅक्सनविलची पोरं शेजारच्या राज्यात जाऊ द्यायची आणि मग दोन वर्षांनी तीच पोर्टलमधून परत आणायची हे मला पटत नाही.

---

नाशिकवरून

माझी मावसबहीण तिकडे शिकते म्हणून मी हे वाचतोय, मॅच पहाटे उठून बघतो कधीकधी. हे पोर्टल पोर्टल सगळे म्हणताय ते नेमकं काय असतं? कॉलेजचा प्लेअर असा दरवर्षी टीम बदलू शकतो? मग शिक्षणाचं काय?

---

टॅलीवाला

@नाशिकवरून ट्रान्सफर पोर्टल म्हणजे एक यादी समज, त्यात प्लेअरने नाव टाकलं की बाकीची कॉलेजं त्याच्याशी बोलू शकतात. आधी कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, त्यामुळे पोरं शंभर वेळा विचार करायची. २०२१ मध्ये एकदा बदलायला मोकळीक दिली, आणि या वर्षी एप्रिलमध्ये कितीही वेळा बदला, बसायची गरज नाही असं झालं, फक्त अभ्यासात पास पाहिजे. त्यातच २०२१ पासून प्लेअरना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे वगैरे पैसे घेता येतात, त्याला एनआयएल म्हणतात, आणि माजी विद्यार्थी आणि पैसेवाले फॅन मिळून फंड उभा करतात. म्हणजे आता सीझन संपला की बाजारच भरतो.

जुना_नोल, त्या यादीचा मी असा कधी विचारच केला नव्हता, १० पैकी ९ बाहेरचे. वाचून पोटात गोळा आला. पण मग एक सांगा, नॉर्व्हेलला ठेवायचं की नाही?

---

जुना_नोल

ठेवायचं की नाही हा प्रश्न पैशाने आधीच सोडवलाय. गेल्या जानेवारीत अलाबामाचे कोच निक सेबन रिटायर झाले, अलाबामाने नॉर्व्हेलकडे बघायला सुरुवात केली आणि आपण घाईघाईत नवं कॉन्ट्रॅक्ट दिलं, ८ वर्षं, वर्षाला सरासरी १ कोटी डॉलरच्या वर. आता काढायचं तर ६ कोटीच्या पुढे मोजावे लागतील. तेव्हा मीही खूश होतो, १३-१ करणारा माणूस कोण सोडेल. आणि हेही विसरू नका की हाच माणूस २०२१ मध्ये घरच्या मैदानावर जॅक्सनविल स्टेटकडून शेवटच्या प्लेवर हरला होता, ५९ यार्डचा पास, सगळं स्टेडियम गप्प, तेव्हाही लोक हाकला म्हणत होते. तिथून दोन वर्षांत त्याने १३-० केलं. म्हणून मी अजून एक संधी देईन. नोत्र दामनंतर दुसऱ्याच दिवशी त्याने ऑफेन्सचा ॲटकिन्स, डिफेन्सचा फुलर आणि रिसिव्हर्सचा डुगन्स तिघांना काढलं, आता ऑफेन्ससाठी गस मालझान येतायत, म्हणजे प्ले कॉल करायचं काम नॉर्व्हेलने सोडलंय. त्याच्यासारख्याला ते सोपं नसणार.

---

आई_टॅलाहासी

अरे टॅलीवाला, मी इथेच राहते, आणि माझी लेक मार्चिंग चीफ्समध्ये (युनिव्हर्सिटीच्या बँडमध्ये) ट्रंपेट वाजवते त्यामुळे घरच्या सगळ्या मॅचना मी हजर. तुम्ही सगळे कोच आणि कॉन्ट्रॅक्टवर बोलताय, मला त्यातलं फार कळत नाही पण स्टेडियममध्ये काय होतं ते सांगते.

या वर्षी डोक कॅम्पबेल स्टेडियमचं पश्चिमेच्या बाजूचं बांधकाम चालू होतं, खुर्च्या कमी, एका बाजूला सगळं उघडं. तरी बॉस्टन कॉलेजच्या वेळी, लेबर डेचा सोमवार, लोक दुपारपासून तंबू टाकून बसले होते, इतका उकाडा की पाण्याच्या बाटल्या हातात गरम होत होत्या. आपल्या टीमचं प्रतीक असलेला ओसिओला घोड्यावरून आला, रेनिगेड तो घोडा, मैदानाच्या मधोमध जळता भाला रोवला, सगळ्यांनी हात वर खाली करत वॉर चँट म्हटलं, अंगावर काटा येतोच, कितीही वेळा बघितलं तरी. आणि मग हाफटाइमच्या आतच शेजारचे आजोबा, तीस-तीस वर्षं येणारे, पायाशी बघत बसलेले.

नॉर्थ कॅरोलायनाची मॅच पाडव्याच्या दिवशी आली. फराळाचे डबे घेऊन आम्ही दोन-तीन मराठी कुटुंबं गेलो होतो, म्हटलं आज तरी. ३५-११. पोरं वाईट खेळली हे दिसत होतंच, पण मला त्याहून वाईट काय वाटलं तर मागच्या रांगेतून त्यांना जे काही ओरडलं जात होतं ते. त्यातला एकेक पोरगा एकोणीस वर्षांचा, पहिल्यांदा घर सोडून आलेला. पैसे मिळतात ना मग ऐका असं आता सगळे म्हणतात. मला हे मुळीच मान्य नाही. पैसे मिळाले म्हणून ते चाळीस वर्षांचे होत नाहीत.

आणि एक चांगलं पण लिहा ना कोणीतरी. आपला पंटर (ऑफेन्स अडला की बॉल लांब किक करून देणारा), अलेक्स मॅस्ट्रोमॅनो, ऑस्ट्रेलियाचा, तो इतका सुंदर किक मारतो की बॉल वर गेला की मी सगळं विसरून बघत राहते. सारखं सारखं त्यालाच यावं लागत होतं हे खरं, पण हरत्या टीममध्ये प्रत्येक वेळी तेवढंच मन लावून काम करायचं याला माझा सलाम.

---

रिचमंडचा_एक

आई_टॅलाहासींनी पंटरचं लिहिलं ते लाख बोललात. पण जुना_नोल यांचं मला सगळं पटलेलं नाही. पोर्टलवर टीम उभी केली म्हणून कोसळली असं असेल तर बाकीच्यांचं का नाही कोसळत, आजकाल सगळेच पोर्टलमधून घेतात. एसएमयूने आपल्याला ४२-१६ हरवलं, एसीसीतलं त्यांचं पहिलंच वर्ष, त्यांच्याकडेही बाहेरून आलेली पोरं भरपूर आहेत आणि ते आत्ता चॅम्पियनशिप मॅच खेळणार आहेत.

मला वाटतं गेल्या डिसेंबरनंतर युनिव्हर्सिटीचं लक्षच दुसरीकडे गेलं. कमिटीने डावललं, त्याच महिन्यात आपण एसीसीवर कोर्टात केस टाकली, कॉन्फरन्स सोडायची, टीव्हीचे पैसे कमी मिळतात, सगळीकडे तेच. चूक की बरोबर यात मी जात नाही, राग रास्तच होता. पण अख्खा उन्हाळा आमच्यावर अन्याय झाला हेच चालू होतं, लाइन पुन्हा कशी बांधायची यावर फारसं कोणी बोलतच नव्हतं. मेम्फिस तर नॉर्व्हेलची जुनी टीम, २०१९ पर्यंत तोच तिथे कोच होता, ते घरी येऊन हरवून गेले. ड्यूकने आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला हरवलं, त्याआधी २२ पैकी २२ आपण जिंकलो होतो. तयारी नसलेली टीम होती ही. कसलेल्या कोचला एवढा वेळ मिळून पहिल्याच मॅचला टीम तयार दिसत नसेल तर तो दोष पोर्टलवर ढकलता येत नाही.

---

जुना_नोल

तयारीचं मान्य. पण एसएमयूने आपली लाइन एकदम रिकामी होऊ दिली नव्हती, तो फरक आहे. बाहेरून चार जण घेणं वेगळं आणि अख्खं घरच बाहेरून आणणं वेगळं.

---

टॅलीवाला (२ डिसेंबर २०२५)

बरोब्बर वर्षाने हा धागा परत वर काढतोय कारण या वर्षीचं बघून मला परत इथेच यावंसं वाटलं.

३० ऑगस्टला अलाबामाला ३१-१७ हरवलं तेव्हा मी स्टेडियममध्ये होतो. क्वार्टरबॅक कोण तर कास्टेलानोस, तोच ज्याने गेल्या वर्षी बॉस्टन कॉलेजकडून खेळून आपल्याला घरात हरवलं होतं. मालझानचा ऑफेन्स धावत होता, लाइन समोरच्याला ढकलत होती, पिवळंजाकीट, तू डब्लिनला जे उलटं बघितलंस ना ते त्या दिवशी आम्ही सुलटं बघितलं. मैदानात लोक उतरले, मी अनोळखी माणसांना मिठ्या मारल्या. पुढे ३-० झालो.

आणि मग व्हर्जिनियाला डबल ओव्हरटाइममध्ये ४६-३८, मायामीशी २८-२२, पिटशी ३४-३१, म्हणजे प्रत्येक वेळी थोडक्यात, आणि स्टॅनफर्डकडून २०-१३. शेवटी गेटर्सकडून ४०-२१. ५-७. सलग दुसऱ्या वर्षी बाऊल नाही. १९८२ पासून २०१७ पर्यंत एकही वर्ष न चुकता बाऊल खेळणारं हे कॉलेज. आणि तरी नॉर्व्हेलला २०२६ साठी ठेवलंय.

यंदा २-१० सारखं लाजिरवाणं कुठे वाटलं नाही, पोरं प्रत्येक मॅच लढली, ते मला महत्त्वाचं वाटतं. पण जवळच्या मॅच एकामागून एक हातातून गेल्या. जुना_नोल, तुमचं त्या यादीचं गणित लावून बघितलं, यंदाही क्वार्टरबॅक बाहेरचाच, आणि तो एकच सीझन मिळाला, त्याचं हे शेवटचं वर्ष होतं. म्हणजे पुढच्या ऑगस्टला परत नवीन माणूस. तुम्ही म्हणाला होतात एक संधी अजून देईन, ती देऊन झाली. आता काय म्हणता?

---

जुना_नोल

अलाबामाच्या रात्री मला झोप लागली नव्हती आनंदाने, एवढं आधी सांगतो.

आता माझं मत बदललंय. लाइन सुधारली हे मान्य, पण मायामी, पिट, स्टॅनफर्ड या मॅचमध्ये शेवटच्या क्वार्टरला कोणाकडे बॉल द्यायचा, कोण शांत राहील, हे कोचलाही माहीत नाही असं वाटत होतं, कारण ज्यांच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवावा इतकी ती पोरं त्याच्याकडे राहिलेलीच नाहीत. मी २०२६ मध्ये विजय मोजणार नाही, पहिल्या बावीस जणांत हायस्कूलमधून आपल्याकडे येऊन तिसऱ्या वर्षापर्यंत टिकलेले किती ते मोजणार. मला निदान दहा दिसले पाहिजेत, विशेषतः दोन्ही लाइनवर. नाही दिसले तर त्याला काढायचा आकडा मोठा असला तरी मोजावा लागेल, आणि ते नॉर्व्हेलवर राग म्हणून नाही.

---

आई_टॅलाहासी

लेकीचं हे शेवटचं वर्ष होतं बँडमध्ये, पण आम्ही पुढच्या वर्षीची तिकिटं घेतोय. टॅलीवाला, तू येणार असशील तर कळव, टेलगेटला (मॅचआधी स्टेडियमबाहेर जमून खाणंपिणं) जागा आहे आमच्याकडे, आणि जुना_नोल तुम्ही पण या टँपाहून, चार-साडेचार तासांचा तर रस्ता आहे.